‘ए-वन देवगड’ असे छापलेली दोन डझनांची पेटी, आणि छापणाऱ्याला जाब विचारण्याची सोय

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्यात घरपोच फळे पाठवणाऱ्या एका दुकानातून दोन डझन हापूसची पेटी २,२०० रुपयांना मागवली. दुकानाचे नाव मी येथे देणार नाही, कारण तसे छापणारी दुकाने या शहरात शेकड्यांनी आहेत आणि एकाचे नाव घेतल्याने बाकीचे साव ठरतील. पेटी वेळेवर आली, बांधणी नीटनेटकी होती, माल पोहोचवणारा मुलगा अदबीने बोलला आणि पेटीच्या झाकणावर हिरव्या अक्षरांत ‘अस्सल देवगड हापूस, ए-वन ग्रेड’ असे ठसठशीत छापलेले होते. दुकानाच्या संकेतस्थळावर त्याच पेटीच्या चित्राखाली ‘प्रत्येक फळ २५० ग्रॅम व त्याहून अधिक’ असे आश्वासन होते आणि त्याच आश्वासनावर मी ती निवडली होती, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा खटाटोप त्या एका ओळीच्या आधारावर झाला.

फळे हातात घेताच हलकी वाटली, म्हणून स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चोवीसही फळे एकेक करून तोलली आणि वजने वहीत लिहून काढली. सर्वांत लहान फळ १५८ ग्रॅमचे होते, सर्वांत मोठे २४१ ग्रॅमचे, आणि चोवीस फळांचे मिळून वजन भरले ४ किलो ६१० ग्रॅम. म्हणजे सरासरी १९२ ग्रॅम. अडीचशेची अट एकाही फळाने पाळली नव्हती. आश्वासनाप्रमाणे पेटीत निदान सहा किलो आंबा हवा होता. प्रत्यक्षात १ किलो ३९० ग्रॅम कमी मिळाला आणि किलोला पडलेला भाव ३६७ वरून ४७७ रुपयांवर गेला. आंबा आपल्याकडे डझनावर विकला जात असल्यामुळे हा हिशेब सहसा कोणी करत नाही, आणि विकणाऱ्याला ते चांगले ठाऊक असते.

फळाबद्दल न्यायाने बोलायचे तर ती टाकाऊ नव्हती. पंधराएक फळे चार दिवसांत अढीत सुरेख पिकली, साल पातळ, गर केशरी, आणि खोलीत शिरताच वास यावा अशी. उरलेल्या नऊ फळांची साल मात्र जाड होती, देठाकडचा भाग पिवळा झाला तरी टोकाकडे हिरवेपणा राहिला, गर फिकट निघाला आणि वासाने नाकाला फारशी दखल घ्यायला लावली नाही. तीन फळांत साका, म्हणजे गराच्या आत होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग होता, त्याचा दोष मी दुकानाला देत नाही. साका बाहेरून ओळखता येत नाही आणि तो उत्तम बागेतल्या फळालाही होतो. माझे माहेर राजापूर तालुक्यातले. आईने त्या नऊंतले एक फळ हातात घेऊन नुसते हुंगले आणि ‘हा आपल्याकडचा नव्हे गं’ एवढेच म्हणून ते रसाच्या पातेल्याकडे सरकवले. ती फळे कर्नाटकातून आली असावीत असा माझा कयास आहे, पण तो कयासच. आईचे नाक कोणत्याही कायद्यात पुरावा म्हणून धरले जात नाही.

येथे पेटीच्या जुन्या रीतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजचा घोळ ती रीत मोडल्यामुळे वाढला आहे. कोकणातून वाशीला किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणारी लाकडी पेटी साधारण ठरावीक मापाची असे, आणि त्या मापात किती डझन फळे बसली यावरून फळाचा आकार कळे. चार डझनी पेटी म्हणजे मोठे फळ, पाच डझनी म्हणजे मध्यम, सात-आठ डझनी म्हणजे लहान. त्याहून बारीक किंवा डागी माल पेटीत न भरता किलोवर कॅनिंगला जाई. माझे काका खळ्यात बसून फळे निवडत तेव्हा त्यांच्या हाताला काट्याची गरज नसे, आणि अडत्याला पट्टी लिहिताना ‘ए’, ‘बी’ असले अक्षर लागत नसे. ‘पाच डझनी’ म्हटले की घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखेच समजे. ही श्रेणी कोणत्याही सरकारने ठरवलेली नव्हती, पण ती खोटी सांगणे अवघड होते, कारण पेटीचे माप आणि फळांची संख्या दोन्ही डोळ्यांसमोर असत. पुठ्ठ्याची एक-दोन डझनांची खोकी आल्यापासून हे सारे संपले. खोके हवे त्या मापाचे करता येते, फळांखाली कागदाची कात्रणे हवी तेवढी भरता येतात, आणि मग फळाचा आकार सांगण्याचे काम झाकणावरच्या छपाईकडे येते.

तर त्या छपाईला कायद्यात अर्थ काय, हे मी शोधायला घेतले. शेतमालाच्या श्रेणीविषयी आपल्याकडचा मूळ कायदा १९३७ चा आहे: कृषी उत्पन्न (श्रेणीकरण व चिन्हांकन) अधिनियम. त्याखाली जे चिन्ह दिले जाते ते म्हणजे ॲगमार्क, आणि त्याचा कारभार केंद्र सरकारचे विपणन व निरीक्षण संचालनालय पाहते. त्याचे मुख्यालय फरिदाबादला आहे आणि मध्यवर्ती प्रयोगशाळा आपल्या नागपुरात. ताज्या फळांसाठी २००४ चे श्रेणीकरण नियम आहेत, त्यांत विशेष, पहिली आणि दुसरी अशा श्रेणी आहेत. प्रत्येक श्रेणीत किती दोष चालेल तेही ठरलेले आहे: विशेष श्रेणीच्या खोक्यात शंभरांत पाच फळे उणी निघाली तर चालतात, पहिलीत दहा. आंतरराष्ट्रीय व्यापारात वापरल्या जाणाऱ्या कोडेक्सच्या आंबा मानकात तर २०० ते ३५० ग्रॅमच्या गटातील एका खोक्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या फळात ७५ ग्रॅमहून अधिक फरक असू नये असे म्हटले आहे. माझ्या पेटीतला फरक ८३ ग्रॅमचा होता आणि बरीचशी फळे तर त्या गटात शिरण्याइतकीही वजनदार नव्हती.

ॲगमार्कचे खोटे चिन्ह छापणाऱ्याला या कायद्याने पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद काढून टाकली आणि दंड आठ लाख रुपयांपर्यंत नेला. कैद गेल्याबद्दल मला हळहळ वाटत नाही. फळाच्या श्रेणीवरून कोणाला तुरुंगात धाडणे कोणत्याही न्यायाधीशाला जड गेले असते, आणि पाच हजारांचा दंड हा एका दिवसाच्या दोन पेट्यांचा भाव होता. आठ लाख हा आकडा व्यापाऱ्याला कळणाऱ्या भाषेतला आहे.

पण माझ्या पेटीवर ॲगमार्क नव्हते. त्यावर होते ‘ए-वन’. आणि ‘ए-वन’ ही श्रेणी कोणाचीच नाही. ती कोणत्या नियमात नाही, कोणत्या अनुसूचीत नाही, तिची व्याख्या दुकानागणिक बदलते; एका ठिकाणी ती २५० ग्रॅमपासून सुरू होते, दुसरीकडे २२० पासून, तिसरीकडे वजनाचा उल्लेखच नसतो. ॲगमार्क ही बहुतांश शेतमालासाठी ऐच्छिक व्यवस्था असल्यामुळे ज्याने ती घेतलीच नाही त्याला तिचा नियमही लागत नाही आणि दंडही. थोडक्यात, जो सरकारी श्रेणी घेऊन चुकतो तो सापडतो आणि जो स्वतःची श्रेणी शोधून काढतो तो मोकळा राहतो. हे वाचल्यावर मी ते झाकण पुन्हा नीट पाहिले. त्यावर ‘ग्रेड’ हा शब्द होता, सोनेरी पदकासारखे चित्र होते, ‘निर्यातक्षम’ असाही शब्द कोपऱ्यात होता, पण धरता येईल असे एकही सरकारी चिन्ह नव्हते. हे अजाणतेपणी झाले असेल असे मला वाटत नाही.

‘निर्यातक्षम’ या शब्दावर जरा थांबते. युरोपला जाणाऱ्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षांना ॲगमार्क श्रेणीचे प्रमाणपत्र लागते, बागेची नोंद संगणकावर असते, औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी होते आणि पेटीवरच्या क्रमांकावरून ती कोणत्या शेतातली हे सांगता येते. हीच यंत्रणा, हेच अधिकारी, हाच कायदा. रॉटरडॅममधल्या गिऱ्हाइकासाठी जे राबवता येते ते कोथरूडमधल्या गिऱ्हाइकासाठी अशक्य नाही. तिथला खरेदीदार प्रमाणपत्राशिवाय माल उतरवून घेत नाही आणि आपण उतरवून घेतो, एवढाच फरक.

दुसरी वाट होती ‘देवगड’ या नावाची. हापूसला ३ ऑक्टोबर २०१८ रोजी भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही. खोटे मानांकन लावणाऱ्याला १९९९ च्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. कागदावर ही शिक्षा श्रेणीच्या कायद्यापेक्षा कडक दिसते. मात्र झडती घेऊन माल जप्त करण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच आहे, आणि त्यानेही आधी भौगोलिक मानांकनाच्या निबंधकाचे मत घ्यायचे आणि त्याप्रमाणे वागायचे अशी अट आहे. पैठणी किंवा कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत ही अट समजण्यासारखी आहे. वस्तू कपाटात ठेवून मताची वाट पाहता येते. अढीतला हापूस पाच दिवसांत खाण्याजोगा होतो आणि दहाव्या दिवशी फेकण्याजोगा. ज्याने ही अट लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर आंबा नसावा.

शिवाय येथे श्रेणी आणि मूळ या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि विकणाऱ्याला ती गल्लत सोयीची आहे. देवगडच्या बागेतही १५८ ग्रॅमचे फळ लागते. ते देवगडचेच असते, फक्त ए-वन नसते. उलट कर्नाटकातल्या धारवाड किंवा तुमकूरकडच्या बागेतले फळ तीनशे ग्रॅमचे, निष्कलंक आणि आकाराने पहिल्या श्रेणीचे असू शकते; ते वाईट नसते, ते केवळ वेगळे असते आणि वेगळ्या भावाचे असते. मार्केट यार्डात हा आंबा क्रेटमधून उघडपणे येतो आणि कर्नाटकचा आंबा म्हणून प्रामाणिकपणे विकणारे आडतेही आहेत. भानगड पुढे होते, जेव्हा तोच माल छापील खोक्यात, कोकणातल्या वर्तमानपत्राच्या कागदावर मांडून पुन्हा भरला जातो. पुण्याच्या आणि वाशीच्या बाजार समित्यांनी वेळोवेळी याविरुद्ध इशारे दिले आहेत, पण बाजार समितीचा हात आवाराच्या फाटकापर्यंत पोहोचतो आणि खोके भरले जाते ते फाटकाबाहेरच्या गाळ्यात किंवा कोणाच्या तरी घराच्या पडवीत.

तिसरी वाट अन्नसुरक्षेची. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात शेतकऱ्याच्या हातातले फळ अन्न धरलेले नाही, पण तेच फळ शेतकऱ्याखेरीज दुसऱ्याच्या हाती गेले की ते ‘प्राथमिक अन्न’ ठरते आणि कायद्याखाली येते. ही तरतूद मला फार समंजस वाटली. काकांना तिचा त्रास नाही आणि पुण्यातल्या दुकानदाराला तिच्यातून सुटका नाही. दिशाभूल करणारे लेबल लावून अन्न विकल्यास याच कायद्याने तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते आणि दर उन्हाळ्यात त्यांचे छापे पडतातही, पण ते कॅल्शियम कार्बाइडसाठी. कार्बाइडवर बंदी आहे, त्याची पुडी पेटीत सापडते आणि ती पंचनाम्यात लिहिता येते. ‘ए-वन’ मात्र सापडत नाही, कारण ते नसल्याचे सिद्ध करण्यासाठी आधी ते काय असते हे कोणीतरी ठरवावे लागेल. आरोग्याला धोका असलेल्या गोष्टीला अधिकाऱ्यांनी अग्रक्रम द्यावा यात काही गैर नाही, आणि माझ्या १,३९० ग्रॅमसाठी कोणी कार्बाइडचा छापा सोडून यावे असे मी म्हणणार नाही.

वजनमापाच्या कायद्याकडूनही आशा होती, कारण प्रकरण वजनाचेच होते. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पॅकेटावर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि निव्वळ प्रमाण छापावे लागते. परंतु निव्वळ प्रमाण वजनात, मापात किंवा नगांत सांगता येते. माझ्या खोक्यावर ‘२४ नग’ असे छापले होते. मी पुन्हा मोजले. चोवीसच होते.

या सगळ्या शोधानंतर ज्या कायद्याने मला उभे राहायला जागा दिली तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे तिच्यात वस्तू विशिष्ट दर्जाची, प्रमाणाची किंवा श्रेणीची आहे असे खोटे भासवणे स्पष्ट शब्दांत येते. येथे श्रेणी सरकारने ठरवलेली असली पाहिजे अशी अट नाही. विकणाऱ्याने स्वतः जी श्रेणी सांगितली, तीच त्याच्या अंगाशी येते. फक्त तिचा अर्थ त्याने कुठेतरी लेखी सांगितलेला हवा. ‘ए-वन’ या दोन अक्षरांवर मी काहीच करू शकले नसते, पण ‘प्रत्येक फळ २५० ग्रॅम व त्याहून अधिक’ ही ओळ मी मागणी नोंदवतानाच पडद्यावरून टिपून ठेवली होती. सावधपणा म्हणून नव्हे, बहिणीला पाठवायची म्हणून.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी फिरवला. पलीकडच्या बाईंनी मराठीत, घाई न करता, सारे ऐकून घेतले, पावती क्रमांक, टिपलेले पान आणि काट्यावरच्या फळांची छायाचित्रे मागितली आणि तक्रार नोंदवून क्रमांक दिला. या सेवेबद्दल एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे: ही हेल्पलाइन दंड करत नाही, छापा घालत नाही, निकाल देत नाही. ती तक्रार विकणाऱ्यापर्यंत पोहोचवते आणि दावा दाखल होण्यापूर्वी तडजोड होते का ते पाहते. ज्यांना कोणाला तरी शिक्षा झालेली पाहायची असते ते तिच्यावर नाराज होतात आणि ती नाराजी मला अस्थानी वाटते. पंचाकडे तलवार मागण्यात अर्थ नाही. तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

दुकानाचे उत्तर नवव्या दिवशी आले. प्रथम त्यांनी पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केले, म्हणजे ज्या दुकानाने फसवले त्याच्याकडून पुन्हा घेण्याचे बक्षीस. मी नकार दिल्यावर त्यांच्या माणसाचा फोन आला. ‘मॅडम, आंबा म्हणजे काही नट-बोल्ट नाही, सगळे सारखे कसे निघतील?’ असे तो म्हणाला. हे म्हणणे अगदीच चूक नाही, म्हणून मी त्याला फरक किती चालेल ते त्यानेच सांगावे असे सुचवले. दहा-पंधरा ग्रॅम, असे तो म्हणाला. मग मी त्याला वहीतले चोवीस आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली आणि अकराव्या आकड्यावर त्याने ६०० रुपये परत करण्याचे मान्य केले. पैसे दोन दिवसांत आले. कमी भरलेल्या वजनाचा हिशेब सुमारे ५१० रुपयांचा होत होता, तेव्हा पैशांपुरती माझी तक्रार उरलेली नाही. आठवड्याने मी त्यांचे संकेतस्थळ उघडून पाहिले: ‘२५० ग्रॅम व त्याहून अधिक’ ही ओळ गेली होती, तिच्या जागी ‘निवडक मोठी फळे’ असे आले होते. ‘ए-वन’ तसेच होते, किंमतही तीच. माझ्या तक्रारीचा त्यांनी काढलेला धडा हा, आणि कायदा जसा आहे तसा पाहता तो त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी दुसरी पेटी घेतली, ती थेट देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराकडून, २,७०० रुपयांना. २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळांवर लावायचे जे फाडल्याशिवाय न निघणारे स्टिकर आणले आहेत, ते या पेटीतल्या प्रत्येक फळावर होते. संस्थेने स्टिकरवरचे क्रमांक नोंदणीकृत बागायतदारांना त्यांच्या बागेच्या उत्पादनाच्या हिशेबाने द्यायचे आणि गिऱ्हाइकाने स्टिकरचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवून तो खरा आहे का हे पडताळायचे, अशी ही योजना आहे. क्रमांकाचा एक भाग स्टिकरच्या वर आणि एक खाली असतो, त्यामुळे वापरलेला स्टिकर सोलून दुसऱ्या फळावर चिकटवण्याची सोय राहत नाही. मी तीन फळांची पडताळणी केली. दोन जुळली, तिसऱ्या फळाचा स्टिकर मी ओल्या हातांनी उचकटला आणि खालचा क्रमांक वाचता येईना, तो दोष माझा. काम सोपे आहे, पण साठीच्या पुढच्या माणसाला चष्मा आणि नातू दोन्ही जवळ लागतील.

सरकारी शिक्षेची वाट न पाहता उत्पादकांनी स्वतः उभी केलेली ही व्यवस्था आहे आणि मला ती मनापासून आवडली. तरी तिच्याकडून नको ती अपेक्षा करू नये. स्टिकर फळ कुठले ते सांगतो. केवढे आणि कोणत्या दर्जाचे ते सांगत नाही. ते सांगितले बागायतदाराने, साध्या बिलावर निळ्या शाईने: ‘२४ फळे, २२० ग्रॅमच्या वर’. ए-वन नाही, ग्रेड नाही. तोलून पाहिले तर सर्वांत लहान फळ २२१ ग्रॅमचे आणि सर्वांत मोठे २६८ चे होते, एकूण ५ किलो ७४० ग्रॅम. किलोला भाव पडला ४७० रुपये. पहिल्या, ‘स्वस्त’ पेटीचा पडला होता ४७७.

हा आकडा मी दोनदा ताडून पाहिला. पाचशे रुपयांनी महाग वाटलेली पेटी वजनावर सात रुपयांनी स्वस्त निघाली, आणि तीही नऊ परक्या फळांशिवाय. चवीबद्दल वेगळे लिहीत नाही. रस काढताना आईने पातेल्यात साखर घातली नाही यावरून काय ते समजावे. बागायतदाराने वाहतुकीत दबलेल्या एका फळाची भरपाई मी न मागता पुढच्या पेटीत देईन म्हणून कळवले आणि तसे दिलेही. उणीव सांगायची तर पेटी यायला ठरल्यापेक्षा दोन दिवस उशीर झाला आणि फळे इतकी कच्ची होती की आठवडाभर अढीची राखण करावी लागली. ज्यांना उद्याच्या पाहुण्यांसाठी आंबा हवा त्यांना ही वाट उपयोगाची नाही.

ज्यांना दुकानातूनच घ्यायचा आहे त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून एवढेच निघते की ‘ए-वन’चा अर्थ पैसे देण्याआधी ग्रॅममध्ये विचारावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. तोंडी सांगितलेला उपयोगाचा नाही. यंदा मी चार दुकानांत असे विचारून पाहिले. दोघांनी लिहून दिले, एकाने भाव शंभराने उतरवून लिहिण्याचे टाळले आणि एकाने मी कोणत्या खात्याची आहे असे विचारले.

आता रिकाम्या खोक्यांचे. जूनच्या पहिल्या रविवारी रद्दीवाला आला तेव्हा दोन्ही खोकी गॅलरीत पडून होती. वर्तमानपत्रे त्याने काट्यावर टाकली, दुधाच्या पिशव्या बाजूला केल्या, आणि खोकी मात्र हातात घेऊन उलटसुलट पाहिली. झाकण फाटलेले नाही ना, असे विचारले. साध्या पुठ्ठ्याला तो किलोवर भाव देतो. या दोहोंचे त्याने नगावर, दहा-दहा रुपये सांगितले. कशाला लागतात, असे मी विचारले, तर छापील आंब्याची खोकी मार्केटकडे वेगळी जातात, पुढच्या हंगामाआधी चांगली मागणी असते, असे तो सरळपणे म्हणाला. मी आत जाऊन कात्री आणली आणि दोन्ही झाकणांवरचा ‘देवगड’ लिहिलेला भाग कापून घेतला. मग त्याने ती पुठ्ठ्यात तोलली.